पंधराव्या दिवशी सोनोग्राफी नको

प्रश्न : आमच्या लॅब्राडोर कुत्रीचं मेटिंग होऊन १५ दिवस झाले. सोनोग्राफीत काहीच दिसलं नाही. ती गाभण नाही का?

उत्तर : इतक्यात निराश होऊ नका. कुत्रीचं बीज अंडाशयातून सुटतं तेव्हा कच्चंच असतं. बीजनलिकेत पिकायला त्याला आणखी २-३ दिवस लागतात. नराचे शुक्रजंतू मात्र आठवडाभरही तग धरतात. म्हणून मेटिंगच्या तारखेवरून फलनाचा दिवस ठरवता येत नाही. पुढे गर्भ काही दिवस नलिकेतच वाढतात, मग गर्भाशयात उतरून मोकळे तरंगतात, त्याच्या दोन्ही शिंगांत (शाखांत) पांगतात आणि साधारण तिसऱ्या आठवड्यात रुजतात. त्याआधी सोनोग्राफीवर भरवसा कसा ठेवणार? मेटिंगनंतर ३० दिवसांनी पुन्हा तपासा. गाभण असेल तर पिल्लांच्या हृदयाचे ठोकेही दिसतील. तोवर घरच्या घरी पोट दाबून पाहू नका.