जुन्या नोंदीत आडनावच नाही? वंशावळ अशी मांडा

एक मोठा कोरा कागद, पेन्सिल, खोडरबर आणि घरातले जुने दाखले घेऊन बसा. पेन आत्ता बाजूलाच असू द्या.

१. कागदाच्या तळाशी स्वतःचं नाव लिहा. पणजोबांपासून सुरुवात करू नका, मधली कडी हमखास निसटते.

२. त्यावर वडिलांची, मग आजोबांची, मग पणजोबांची चौकट आखा. प्रत्येकीत चार ओळी ठेवा: नाव, वडिलांचं नाव, आडनाव, नोंद कुठली.

३. आजोबांच्या शाळेतून दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा घ्या. घरातल्या टीसीवर विसंबू नका; ती मागाहून काढलेली असेल, तर आडनावही मागाहूनच आलेलं असू शकतं.

४. त्याआधीच्या पिढीसाठी तहसीलमध्ये कोतवाल बुकाच्या (गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीच्या) नकलेचा अर्ज करा. अर्जात आजच्या तालुक्यासोबत जुनी तहसीलही लिहा. उदाहरणार्थ, पूर्वी वर्धा जिल्ह्यात वर्धा, आर्वी आणि हिंगणघाट या तीनच तहसिली होत्या. समुद्रपूरकडच्या गावाचं दप्तर हिंगणघाटात, आष्टी-कारंज्याकडचं आर्वीत विचारून पाहा.

५. मिळालेली नोंद जशीच्या तशी उतरवा. समजा, ‘महादेव वल्द गोविंदा’ असं आहे. म्हणजे गोविंदाचा मुलगा महादेव. बाईच्या नावापुढे ‘जौजे’ असेल तर पुढचं नाव नवऱ्याचं, आणि ‘बेवा’ म्हणजे विधवा. ही नावं वडिलांच्या ओळीत घालू नका. मोडी असेल तर अंदाज नको, जाणकाराकडून वाचून घ्या.

६. नोंदीत आडनाव नसेल, तर आडनावाच्या ओळीत आडव्या रेघेची खूण करा. इथेच बहुतेकांचा हात घसरतो! आजचं आडनाव पणजोबांच्या चौकटीत ढकलू नका, आणि नावापुढे ‘कुणबी’ किंवा ‘तेली’ दिसलं तर ते आडनाव समजू नका. ती जात आहे, तिला वेगळी ओळ द्या.

७. आडनाव पहिल्यांदा ज्या कागदावर दिसतं, त्याचं साल त्या चौकटीत लिहा.

८. हेच प्रत्येक भावासाठी वेगळं करा. एकाने गावावरून, दुसऱ्याने हुद्द्यावरून आडनाव लावलेलं असू शकतं. दोन्ही खरी, कुणाचंही बदलू नका.

९. बायकांची माहेरची आणि सासरची, दोन्ही नावं लिहा. लग्नात पहिलं नावही बदललं असेल तर एकच बाई दोन चौकटींत जाते.

१०. आता बापलेकाची जोडी ताडून पाहा: गाव, वडिलांचं नाव, साल. कोतवाल बुकात कित्येकदा ‘मुलगा झाला’ एवढंच असतं, बाळाचं नाव नसतं. तो मुलगा म्हणजे आपलेच आजोबा, असं शाळेची जन्मतारीख जुळेपर्यंत धरू नका.

११. दोन नोंदी जुळल्या तिथेच पेन फिरवा, बाकी पेन्सिलीतच राहू द्या. हीच वंशावळ जात पडताळणीसाठी शपथपत्रावर द्यायची असेल, तर पेन्सिलीतल्या रेघा आधी कागदपत्रांनी पक्क्या करून घ्या.