ज्योतीचा आहार



सन १८६०-६१ च्या नाताळांत मायकेल फॅरेडे ह्या थोर शास्त्रज्ञानें लंडन येथील रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मुलांपुढें सहा व्याख्यानें दिलीं. विषय होता साधी मेणबत्ती! आपणही आज तिलाच प्रश्न विचारूं.

ज्योतीवर थंड, कोरडा कांचेचा पेला क्षणभर उपडा धरा. त्याला आंतून दंव धरतें. तें पाणीच होय. लागलाच त्यांत चुन्याची निवळी घालून हालवा. ती दुधाळ होते. ही कार्बन डायऑक्साइडची खूण. कोरड्या मेणांतून पाणी कसें आलें? मेण, रॉकेल, स्वयंपाकाचा गॅस हीं इंधनें मुख्यत्वेंकरून हायड्रोजन व कार्बन ह्यांचीं बनलेलीं आहेत. जळतांना हायड्रोजन प्राणवायूशीं संयोग पावून पाणी होतें, व कार्बनपासून कार्बन डायऑक्साइड होतो.

आतां हिशेब पाहा. स्वयंपाकाच्या गॅसांत प्रोपेन व ब्यूटेन असतात. ११ किलो प्रोपेन पूर्ण जळण्यास ४० किलो प्राणवायु लागतो, आणि ३३ किलो कार्बन डायऑक्साइड व १८ किलो पाणी उत्पन्न होतें. दोन्ही बाजूंची बेरीज ५१. कांहींच नाहींसें झालें नाहीं. म्हणजे ज्योतीचा मोठा आहार सिलिंडरांत नसून खोलींतील हवेंत आहे.

हा आहार अपुरा पडला तर? कार्बनचे न जळलेले कण तापून पिवळे चमकतात व भांड्यांस काजळी धरते. हें डोळ्यांस दिसतें. परंतु त्याच वेळीं कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायुही निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनास तो प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट घट्ट धरून बसतो. प्रथम डोकें दुखतें, घेरी येते, मग शुद्ध हरपते. गॅस गळल्यास कळावें म्हणून त्यांत मुद्दाम उग्र वासाचें द्रव्य मिसळलेलें असतें. ह्या वायूची मात्र वर्दी मिळत नाहीं.

म्हणून पालकांस नम्र विनंति कीं, न्हाणीघराच्या आंत गॅसचा गीझर बसवूं नये, आणि थंडीच्या रात्रीं दारें-खिडक्या लावून पेटत्या शेगडीजवळ निजूं नये. कोणी बेशुद्ध पडल्यास प्रथम दारें उघडून त्यास मोकळ्या हवेंत आणावें व तत्काळ डॉक्टरांस बोलवावें.

मुलांनो, परमेश्वरानें दिलेल्या ह्या एकाच हवेवर दिवा जळतो आणि आपणही जगतों. दिवा लावणारानें खिडकी उघडावी, एवढें ह्या धड्यांतून घरीं घेऊन जा.