अंजिराची पाने

शास्त्रपाठ : उत्पत्ती २:७, २५; ३:७-१०, २१; मत्तय ६:२५-३४

दुर्ग आणि राजनांदगाव यांच्या दरम्यान रसमडा नावाचे लहानसे रेल्वेस्थानक आहे. परिसरात शेतीही आहे आणि कारखानेही. जवळच्या भिलाईत १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली, तेव्हापासून या मुलखातील कित्येकांचा दिवस सूर्याबरोबर नव्हे, तर पाळीबरोबर उगवतो. अशा जीवनाला विटलेला मनुष्य म्हणतो, हे सारे टाकून रानात जावे. तेथे आपले मूळ रूप सापडेल. ही ओढ आपण कशी तोलावी?

पौल येथे आपल्याला थबकवतो. १ करिंथ २:१४ मधील स्वाभाविक मनुष्य देवाच्या आत्म्याच्या गोष्टी स्वीकारीत नाही. तेव्हा जे स्वाभाविक ते पवित्रच, असे नव्हे. मूळ रूप शोधायचे तर पतनाच्याही मागे गेले पाहिजे. 'आदाम' हे नाव माती या अर्थाच्या 'अदामा' या इब्री शब्दाशी निगडित आहे. मातीचा तो मनुष्य उघडा होता, तरी लाजत नव्हता. पापानंतर त्याने प्रथम काय केले? अंजिराची पाने शिवली! वस्त्र वाईट नव्हे. पुढे देवानेच त्यांना चर्मवस्त्रे घातली. वाईट होते ते लपणे. आणि तो लपला कोठे? झाडांमध्येच. रानही आडोसा होऊ शकते, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही.

याच लोहमार्गावर, १८९३ साली, नागपूरहून राजनांदगावास जाताना नारायण वामन टिळकांना एका सहप्रवाशाने नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाशी येताच ते तेथे खिळून राहिले. त्यात येशू रानातील भूकमळे पाहावयास सांगतो, रानात जाऊन राहावयास नव्हे. ज्यांना तो हे सांगत होता, त्यांना उद्याच्या अन्नवस्त्राची चिंता होती. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. फुलामुलांचा हा कवी पुढे बरीच वर्षे मिशनच्या वेतनावर राबला. ते काम खोटे होते, असे कोणी म्हणणार नाही. परंतु १९१७ साली त्यांनी ते वेतन सोडले आणि संन्यास घेतला. मात्र ते रानात गेले नाहीत. साताऱ्यास त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला आणि बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या येशूभक्तांना एकत्र बोलाविले. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, ते मुंबईत प्रभूकडे गेले.