तो तास गणिताला देऊ नका

पालकहो,

नववी-दहावीच्या पालकसभेत एक मागणी हमखास येते, "जीवनकौशल्यांचा तास बंद करा, त्याऐवजी गणिताचा जादा तास घ्या." तुमची काळजी मला कळते. बोर्डाचं वर्ष म्हणजे घरादाराच्या जिवाला घोर. तरीही कळकळीने सांगते, तो तास राहू द्या.

त्या तासात मुलं आलेला राग ओळखायला शिकतात. मित्रांच्या आग्रहाला नाही म्हणायला शिकतात. भांडणानंतर पुन्हा बोलायला सुरुवात कशी करायची, चाचणीत गुण घसरले तर पुढे काय करायचं, हेही शिकतात. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या दहा जीवनकौशल्यांत भावना आणि ताण हाताळणं येतं. आपल्या २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सामाजिक-भावनिक शिक्षणावर भर दिला आहे.

या तासाने अभ्यास मागे पडत नाही. २०११ साली अमेरिकेत अशा २१३ उपक्रमांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बालवाडीपासून बारावीपर्यंतचे २ लाख ७० हजार विद्यार्थी होते. उपक्रमात सहभागी झालेली मुलं अभ्यासातही सरासरी ११ पर्सेंटाइलने पुढे होती. यात नवल नाही. धास्तावलेल्या मुलाला येत असलेलं गणितही पेपरात सुचत नाही.

वयाचाही विचार करा. या वयात मुलांच्या भावना जोरात उसळतात. त्यांना आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग मात्र जवळपास पंचविशीपर्यंत घडत असतो. त्यामुळे प्रत्येक उलट उत्तर म्हणजे उद्धटपणा नसतो. आवर घालणं सरावानेच जमतं.

शाळेत त्यासाठी आठवड्याला जेमतेम एक तास मिळतो. खरा सराव घरीच होणार. लेक म्हणते, "पेपर अवघड गेला." आपण लगेच म्हणतो, "तरी सांगत होते, मोबाइल ठेव!" पुढच्या वेळी ती काही सांगतच नाही. त्याऐवजी "कुठे अडलीस?" एवढंच विचारा आणि तिचं बोलणं पूर्ण होऊ द्या. मुलगा रडला तर त्याला रडू द्या. पाहुण्यांसमोर चुलतभावाच्या टक्क्यांशी तुलना नको. तुमचा आवाज चढला असेल, तर तसं मुलांजवळ कबूल करा. माफी कशी मागायची, हे मुलं आपल्याकडे बघूनच शिकतात.

झोप, जेवण, मित्र, आवडीचे खेळ यांवरचं मन दोन आठवडे उडालेलं दिसलं, तर शाळेच्या समुपदेशकांना भेटा. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा कानावर आली, तर एक दिवसही थांबू नका.

आणि पुढच्या पालकसभेत वर्गशिक्षकांना जरूर विचारा, "जीवनकौशल्यांचा तास नियमित होतो ना?" पालकच विचारू लागले, की शाळाही तो तास सहजासहजी रद्द करणार नाही.