शेळीच्या दुधाचे कठीण चीज

आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्याजवळ, अटलांटिक महासागरात, स्पेनच्या आधिपत्याखालील कॅनरी बेटे आहेत. त्यांपैकी फुएर्तेव्हेंतुरा हे बेट अत्यंत रुक्ष आहे. गाईला पुरेल असा हिरवा चारा तेथे होत नाही; शेळी मात्र काटेरी झुडपांवर तग धरते. पंधराव्या शतकात युरोपीयांनी हे बेट जिंकले, त्यापूर्वीपासून तेथील मूळ रहिवासी शेळ्या पाळीत असत. या शेळ्यांच्या दुधापासून तेथे ‘मखोरेरो’ नावाचे चीज होते.

उष्ण हवेत दूध दिवसभरही टिकत नाही, पण त्याचेच चीज महिनोन्‌महिने टिकते. याचे मुख्य कारण म्हणजे पाणी काढून टाकणे. एक किलो कठीण चीजसाठी सुमारे दहा लिटर दूध लागते, यावरून किती पाणी निघून जाते याची कल्पना येईल.

पनीर करताना तापलेल्या दुधात आंबट घालतात. चीजची रीत निराळी आहे. कोमट दुधात रेनेट मिसळतात. परंपरेने ते दूधपित्या करडाच्या चौथ्या जठरापासून काढीत. दुधातील केसीन या प्रथिनाच्या कणांवर एक संरक्षक आवरण असते. रेनेट ते तोडते, मग कण एकमेकांस चिकटून दुधाचा साका तयार होतो. शेळीच्या दुधाचा साका गाईच्या दुधाच्या साक्याहून बहुधा नाजूक असतो. त्यास घाईने ढवळल्यास त्याचा चुरा होतो आणि स्निग्धांश निवळीबरोबर वाहून जातो. येथे हाताचा हलकेपणाच खरा उपयोगी पडतो! साका जितका बारीक कापावा तितकी निवळी अधिक सुटते. पुढे तो साच्यात दाबून त्यास मीठ लावतात. पूर्वी साचा ताडवर्गीय झाडाच्या पानांच्या विणलेल्या पट्टीचा असे. तिची नक्षी आजही या चीजच्या कडेवर दिसते.

मग चीज पिकत ठेवतात. पृष्ठभागावर तेल, लाल मिरचीची पूड किंवा ‘गोफिओ’, म्हणजे आपल्या सातूसारखे भाजलेल्या धान्याचे पीठ, चोळतात. साठ दिवसांहून अधिक पिकलेले चीज कठीण व उग्र चवीचे होते. या उग्रपणात मेदाम्लांचा वाटा मोठा असून कॅप्रोइक, कॅप्रिलिक व कॅप्रिक ही त्यांपैकी तिघांची नावे शेळीवाचक लॅटिन शब्दावरूनच आली आहेत.

एका धोक्याकडे मात्र दुर्लक्ष करून चालणार नाही. माल्टा बेटावर सैनिकांना ग्रासणाऱ्या दीर्घ ज्वराचा जंतू डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ साली प्रसिद्ध केला. तो कोठून येतो हे कोडे १९०५ साली थेमिस्टोक्लीस झामित यांनी उलगडले: दिसण्यात धडधाकट शेळ्यांच्या रक्तातच तो त्यांना आढळला. कच्च्या दुधातून व त्याच्या ताज्या चीजमधून हा रोग माणसास होतो. चीज पिकताना जंतू कमी होत जातात, पण त्यावर विसंबू नये. दूध आधी ६३ अंश सेंटिग्रेडवर ३० मिनिटे तापवून निववावे, मगच रेनेट घालावे.

पिकलेले चीज थंड जागेतून काढून काही वेळ तसेच ठेवले म्हणजे त्याचा वास खुलतो. मग त्याचे पातळ काप करून खातात. कमी पिकलेल्या चीजचे काप कॅनरी बेटांत तव्यावर परतून, लसूण व मिरचीच्या ‘मोखो’ नावाच्या चटणीबरोबर वाढतात.