फाट्यावर थांबायचं

"तो तुझ्याबरोबर नव्हता?"

हा प्रश्न मी आणि माझ्या नवऱ्याने एकमेकांना एकाच क्षणी विचारला. वासोट्याच्या जंगलात, दुपारी सव्वा वाजता. मुलगा बाबांबरोबर पुढे गेलाय अशी माझी समजूत होती, आणि तो आईबरोबर मागून येतोय अशी त्यांची. नऊ वर्षांचं पोर दोघांच्या मधल्या रिकाम्या वाटेवर एकटं चालत होतं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

वासोटा आम्ही मुलांसाठीच निवडला होता. साताऱ्याहून कास ओलांडून बामणोलीला उतरायचं, वन विभागाची परवानगी काढायची आणि कोयनेच्या शिवसागर जलाशयातून दीड तास बोटीने जायचं. दोन्ही बाजूंनी पाण्यात उतरलेले डोंगर. मेट इंदवलीच्या काठाला बोट लागली की चौकीवर पिशव्या तपासून प्लास्टिकच्या वस्तू मोजून घेतात. ओढ्याकाठच्या मारुती-गणपतीला नमस्कार केला की गर्द रानातून चढ सुरू होतो. हे कोयना अभयारण्य. २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशातही त्याचा समावेश झाला. असं रान मुलांनी पायांनी पाहावं, ही आमची हौस खरी होती.

चूक सकाळपासूनच होत गेली. पुण्यातून निघायला उशीर, वाटेत नाश्त्याला उशीर, परवानगीच्या रांगेत उशीर. मेट इंदवलीला उतरलो तेव्हा बारा वाजले होते. बोटवाले दादा म्हणाले, "पाचच्या आत खाली या ताई, अंधारात बोट हाकत नाही आम्ही." मग घाई सुरू झाली. नवरा आणि माझा भाऊ झपाझप पुढे गेले, त्यांच्या मागे मुलगा. धाकटी सहा वर्षांची, तिच्या पावलाने मी मागे. मधेच एका झाडावर शेकरू दिसलं. झुपकेदार शेपटी लोंबकळत टाकून ते फांदीवर काहीतरी कुरतडत होतं. आम्ही दोघी मान वर करून पाच-सात मिनिटं तिथेच उभ्या राहिलो. त्या पाच-सात मिनिटांत मुलगा माझ्या नजरेआड झाला, आणि पुढच्या दोघांच्या नजरेत तो आधीच नव्हता.

वासोट्याच्या चढावर एक फाटा लागतो. एक वाट गडावर जाते, दुसरी नागेश्वरच्या गुहेकडे. बाबा आणि मामा गडाच्या वाटेने गेले. मुलगा तिथे पोचला तेव्हा त्याला सांगायला पुढे कोणी नव्हतं आणि मागेही कोणी नव्हतं. त्याने दुसरी वाट धरली.

मी पुढच्या दोघांना गाठलं तेव्हा कुठे तो प्रश्न निघाला. मोबाईलला रेंज नव्हती. भाऊ जागेवरच थांबला, मी धाकटीला घेऊन फाट्यावर परत आले आणि नवरा नागेश्वरच्या वाटेने धावत सुटला. मी हाका मारत राहिले. दाट रानात हाक किती जवळ विरते, ते त्या दिवशी कळलं. पाचोळा, वेली आणि झाडांची गर्दी आवाज गिळून टाकतात. धाकटीने माझी ओढणी घट्ट मुठीत धरली होती आणि दर थोड्या वेळाने विचारत होती, "दादा आला का?" ती पस्तीस मिनिटं मी आजही मोजू शकते.

तो सापडला तो वाटेतल्या एका दगडावर बसलेला. रडून झालं होतं, ओठ सुकले होते. पाण्याच्या सगळ्या बाटल्या बाबांच्या सॅकमध्ये होत्या. त्याच्याकडे होती फक्त टोपी. मी विचारलं, "हाका का नाही मारल्यास रे?" तो म्हणाला, "दोनदा मारल्या. मग वाटलं, जोरात ओरडलं तर अस्वल येईल."

बोटीत त्याला अस्वलाच्या गोष्टी आम्हीच सांगितल्या होत्या. या रानात अस्वल आहे, गवा आहे, बिबट्या आहे, हे कौतुकाने सांगितलं. पण हरवलास तर काय करायचं, हे एका शब्दाने सांगितलं नाही. आमच्याच गोष्टींनी त्याचं तोंड बंद केलं.

आणि तरीही तो बसून राहिला, आणखी पुढे गेला नाही, ते त्याच्या आजीमुळे. गावच्या जत्रेला नेताना सासूबाई दर वर्षी नातवंडांना बजावतात, "चुकलात तर हलू नका. जिथे आहात तिथे बसा. शोधणारा येतोच." वाट अरुंद झाली, माणसांचे आवाज थांबले, तेव्हा त्याला ते आठवलं. आम्ही नकाशा घेतला, बूट घेतले, कॅमेरा घेतला. पोराला वाचवलं ते जत्रेतल्या त्या तीन वाक्यांनी.

गडावर न जाता आम्ही तिथूनच खाली आलो. साडेचारला बोट सुटली तेव्हा तो माझ्या मांडीवर झोपला होता. माझा हात त्याच्या मनगटावरून निघत नव्हता.

मुलांना घेऊन डोंगरात जाणाऱ्या प्रत्येक आईबापाला त्या दिवसातून काही सांगावंसं वाटतं. जा, अवश्य जा. पण आधी एवढं ऐका.

हिशोब परतीपासून मांडा. बोट पाचला सुटणार असेल, तर मुलांना उतरायला दोन तास लागतील असं धरा आणि वर अर्धा तास राखून ठेवा. म्हणजे अडीच वाजता जिथे असाल तिथून मागे वळायचं, माथा दहा मिनिटांवर असला तरी. हे काठावरच ठरवा आणि मुलांनाही सांगा. वर गेल्यावर ठरवू म्हटलं की माथाच जिंकतो. आदल्या रात्री साताऱ्यात किंवा बामणोलीत मुक्काम केला, तर सकाळची पहिली बोट मिळते आणि घाईच उरत नाही. आमच्या सगळ्या चुकांचं मूळ त्या घाईत होतं.

सगळ्यात लहान पाय सगळ्यात पुढे. एक मोठं माणूस त्याच्यालगत, एक मोठं माणूस सगळ्यांच्या शेवटी, आणि बाकीची मुलं कायम या दोघांच्या मध्ये. प्रत्येक मूल कोणाच्या नजरेखाली आहे, हे नाव घेऊन मोठ्याने ठरवा. "बघ हं त्याच्याकडे" असं हवेत सोडलेलं वाक्य कोणाचंच नसतं.

फाटा आला की थांबायचं. वाट कितीही ओळखीची असो, शेवटचं माणूस येऊन मोजणी होईपर्यंत कोणीही पाऊल टाकायचं नाही.

प्रत्येक मुलाच्या पाठीवर त्याची स्वतःची छोटी पिशवी असू द्या. त्यात पाण्याची बाटली, गूळ-शेंगदाण्याचा लाडू किंवा चिक्की, आई-बाबांचे नंबर लिहिलेली चिठ्ठी आणि दोरीला बांधलेली शिट्टी. आमच्या घरचा नियम असा: हरवल्यासारखं वाटलं तर झाडाजवळ बसायचं, तीन शिट्ट्या वाजवायच्या, थांबायचं, पुन्हा तीन. शिट्टी हाकेपेक्षा लांब जाते आणि घसा सुकला तरी वाजते. एरवी मात्र ती वाजवायची नाही, ते प्राण्यांचं घर आहे. आणि प्राण्यांच्या गोष्टी सांगताना हेही सांगा की माणसाचा आवाज आला की बहुतेक जनावरं आपणहून दूर होतात.

जागा मुलांच्या सवयीप्रमाणे निवडा. पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर बामणोलीची बोट आणि काठावरचं फिरणं पुरे आहे. चढाची सवय करायची तर तासाभराचा तिकोना किल्ला चांगला. वरून पवनेचं पाणी पसरलेलं दिसतं, फक्त शेवटच्या उभ्या पायऱ्यांवर मुलाचा हात सोडू नका. वासोटा त्यानंतर. पावसाळ्यात तो बंदच असतो, आणि पाऊस नुकताच सरला असेल तर जळवा असतात. पूर्ण बाह्या, लांब मोजे आणि थोडं मीठ जवळ असू द्या. अत्तर, सेंट लावून जाऊ नका आणि रानात धूर करू नका, मधमाश्या उठतात.

पुढच्या वर्षी जानेवारीत आम्ही पुन्हा गेलो. मुक्काम बामणोलीत केला आणि नऊच्या आधी मेट इंदवलीला उतरलो. धाकटी सगळ्यांच्या पुढे होती. तिच्या पावलाने चढायला आम्हाला पावणेतीन तास लागले. फाट्यावर मी काही बोलायच्या आत मुलगाच थांबला. सगळ्यांना उभं करून त्याने बोटाने मोजलं, "एक, दोन, तीन, चार, आणि मी पाच." मग ती दुसरी वाट जिथे झाडीत शिरते तिकडे तो थोडा वेळ बघत राहिला. मी त्याला काही विचारलं नाही.

गडावरून शिवसागर दिसला. डोंगरांच्या बोटांमध्ये शिरलेलं निळं पाणी आणि त्यावर मुंगीएवढी बोट. पश्चिमेला बाबूकड्याचा काळा कातळ कोकणाकडे तुटलेला. मुलं चुन्याच्या घाण्याजवळ बसून लाडू खात होती. एक वाजता मुलगा स्वतःच उठला, शिट्टी गळ्यात नीट केली आणि बहिणीला म्हणाला, "चल, तू पुढे."