हाताला घट्टे का पडतात?

तुमच्या उजव्या हाताचे मधले बोट पाहा. पेन्सिल टेकते तिथे टणक लागेल. तो घट्टाच, पण लहान. मोठा पाहायचा तर कुदळ मारणाऱ्या माणसाचा तळहात पाहावा.

कातडीच्या वरच्या थराला बाह्यत्वचा म्हणतात. तिच्या तळाशी रोज नव्या पेशी तयार होतात. त्या वर वर सरकतात, चपट्या होतात आणि मरतात. म्हणजे अगदी वरचा पापुद्रा मेलेल्या पेशींचाच असतो. त्यात केराटीन नावाचा पदार्थ असतो. आपली नखे त्याचीच असतात. अंघोळीला अंग घासले की हा पापुद्रा थोडा थोडा निघून जातो.

पण एकाच जागी रोज घासले, दाबले तर तिथे पेशी भराभर तयार होतात. थरावर थर बसतो. तोच घट्टा. मात्र हे सावकाश व्हावे लागते. पहिल्याच दिवशी दिवसभर कुदळ मारली तर घट्टा पडत नाही, फोड येतो! कारण कातडीचे थर एकमेकांपासून सुटतात व मध्ये पाणी भरते. म्हणूनच नव्या खोंडाला सुरुवातीला थोडा थोडा वेळच जुंपतात. आमच्या बैलाची मान जू बसते तिथे जाड झाली आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला हळद-लोणी चोळताना मी हात लावून पाहिला, चांगली खरखरीत लागते.

घट्ट्यामुळे पाय बधिर होतो असे म्हणतात, ते खरे नाही. २०१९ साली शास्त्रज्ञांनी केनिया देशात अनवाणी चालणाऱ्या लोकांचे तळवे तपासले. कातडी जाड होती, तरी पायाला तेवढेच समजत होते.

कुरूप निराळे. त्याच्या मध्ये कठीण खिळा असतो, तो आत रुततो, म्हणून दुखते. माझे आजोबा कुरूप ब्लेडने कापायचे. त्यांना साखरेचा आजार आहे. डॉक्टर म्हणाले, या आजारात पाय खरोखर बधिर होतो, जखम समजत नाही, चिघळते आणि कधी पाय कापावा लागतो. आता ब्लेड बंद. रोज रात्री मी बॅटरी घेऊन त्यांचे तळवे बघतो. परवा टाचेत बाभळीचा काटा निघाला. आजोबांना पत्ताच नव्हता.